संबर्गचा टॅफ : विमान की बोट, हे ठरवताना आलेला अनुभव

नोकरीनिमित्त स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरील लर्विक गावी राहायला आल्यापासून मुख्य भूमीवर ये-जा करण्यासाठी माझ्यापुढे दोनच पर्याय असतात : संबर्ग विमानतळावरून स्कॉटलंडमधील शहरांना जाणारी पंख्यांची छोटी विमाने, किंवा अ‍ॅबर्डीन ते लर्विक रात्रभर चालणारी बोट. यांपैकी काय निवडायचे हे ठरवण्यासाठी गेले कित्येक महिने मी विमानतळाचा हवामान-अंदाज, म्हणजे टॅफ, आणि तिथली प्रत्यक्ष नोंद, म्हणजे मेटार, नियमाने वाचत आले आहे. दोन्ही फुकट मिळतात. वाऱ्याच्या बाबतीत टॅफवर विसंबून राहायला हरकत नाही; धुक्याच्या बाबतीत मात्र तो जपून वाचावा लागतो, असे माझे मत झाले आहे.

फोनमधील नेहमीच्या हवामान-अ‍ॅपवर भागेल असे पुष्कळांना वाटते, पण ते अ‍ॅप लर्विकचे हवामान दाखवते आणि विमानतळ तिथून सुमारे ४० किलोमीटर दक्षिणेला, बेटाच्या अगदी टोकावर, जवळपास समुद्रसपाटीला आहे. लर्विकमध्ये लख्ख ऊन आणि संबर्गला दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, असा प्रकार उन्हाळ्यात नवलाचा नाही. टॅफ विमानतळाभोवतीच्या साधारण ८ किलोमीटरच्या परिसरापुरताच बोलतो, आणि इथे नेमके तेवढेच हवे असते. (मुख्य रस्ता इथे धावपट्टीलाच छेदून जातो आणि विमान येण्याच्या वेळी फाटक पडते, फाटक पडलेले दिसले की अंदाजाची गरज संपते.)

सुरुवातीला त्या ओळी पाहून कोणीही बिचकेल, परंतु सवयीने त्या भराभर वाचता येतात. समजा, मेटारमध्ये ‘१४०१२केटी ०४०० एफजी व्हीव्ही००१ ११/११ क्यू१०२१’ असे आले, तर वारा १४० अंशांकडून, म्हणजे आग्नेयेकडून, १२ नॉट वेगाने येत आहे; दृश्यता ४०० मीटर आहे; धुके आहे; आकाश दिसतच नसून वर जेमतेम १०० फुटांपर्यंतच नजर पोहोचते; तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे थेंब होऊ लागतात तो) दोन्ही ११ अंश आहेत; आणि हवेचा दाब १०२१ हेक्टोपास्कल आहे. सर्वसाधारण आय.एल.एस. उतरणीला, म्हणजे जमिनीवरील यंत्रांच्या रेडिओ-संकेतांवर उतरताना, २०० फुटांच्या आसपास निर्णय-उंची (जिथे धावपट्टी दिसली नाही तर वैमानिकाला उतरणे सोडावे लागते) आणि सुमारे ५५० मीटर दृश्यता लागते, हे एकदा लक्षात ठेवले की अशी ओळ वाचल्यावर कंपनीच्या सूचनेची वाट पाहावी लागत नाही. ढगांच्या बाबतीत आकाशाचे आठ भाग कल्पिलेले असतात. त्यांतील पाच किंवा अधिक भाग झाकणारा, म्हणजे ‘बीकेएन’ किंवा ‘ओव्हीसी’ लिहिलेला, सर्वांत खालचा थर तेवढा पाहायचा. ‘एफईडब्ल्यू’ आणि ‘एससीटी’ या त्याहून विरळ ढगांनी सहसा विमान अडत नाही.

खरी कसोटी लागते ती ‘प्रॉब३० टेम्पो’ या जोडीपाशी. ‘टेम्पो’ म्हणजे ती स्थिती अधूनमधून येईल, एका वेळी तासाभरापेक्षा कमी टिकेल आणि सगळी मिळून दिलेल्या काळाच्या निम्म्याहून कमी असेल. ‘प्रॉब३०’ म्हणजे तसे होण्याची शक्यता ३० टक्के. टॅफमध्ये ३० आणि ४० हे दोनच आकडे वापरले जातात, आणि शक्यता ५० टक्क्यांवर गेली की ‘प्रॉब’ गळून ती गोष्ट मुख्य अंदाजात किंवा बदलाच्या गटात जाते. मोठ्या शहराच्या विमानतळासाठी ३० टक्के धुके कोणी फारसे मनावर घेणार नाही. इथे मात्र उतरता आले नाही तर विमानाला दक्षिणेकडील ऑर्कनी बेटांवरील कर्कवॉलला वळावे लागते किंवा थेट मुख्य भूमीवर परतावे लागते, आणि दोन्हीकडे जायला समुद्र ओलांडावा लागतो. तेवढे इंधन आधीच बरोबर घ्यावे लागत असल्याने ही ३० टक्क्यांची ओळ वैमानिकालाही सोडून देता येत नाही.

धुके येते तेही ठरावीक वाटेने. उन्हाळ्यात दक्षिणेकडची उबदार, दमट हवा इथल्या थंड समुद्रावरून सरकते, खालून निवते आणि तिच्यातील बाष्पाचे धुके होते. आग्नेयेचा वारा ते सरळ धावपट्टीवर आणून घालतो. म्हणून मी टॅफ वाचण्याआधी मागील काही मेटार ओळीने पाहते. दर अर्ध्या तासाने, तासाच्या २० व्या आणि ५० व्या मिनिटाला, नवी नोंद येते. तापमान आणि दवबिंदू यांतील अंतर ३ वरून २ वर, २ वरून १ वर येत असेल आणि वारा आग्नेयेलाच खिळलेला असेल, तर टॅफमध्ये ‘९९९९’, म्हणजे १० किलोमीटर वा अधिक दृश्यता, लिहिलेली असली तरी मी सावध होते. उलट वारा पश्चिमेकडे वळू लागला की दाट धुकेही बऱ्याचदा लवकर हटते, आणि ही वळण्याची वेळ टॅफ चांगली सांगतो. हिवाळ्यातील वादळी वाऱ्यांचे अंदाज तर माझ्या अनुभवात क्वचितच चुकले. शिवाय वेगवेगळ्या दिशांच्या धावपट्ट्या असल्याने निव्वळ जोराच्या वाऱ्याने सगळे ठप्प होते असेही नाही.

तक्रारी आहेत. सर्व वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात आणि उन्हाळ्यात इथले घड्याळ तासभर पुढे असते, त्यामुळे प्रत्येक वेळी एक मिळवावा लागतो. मुंबईचा टॅफ पाहताना तर साडेपाच तास. (घरची मंडळी जुलैत निघणार असली की तोही पाहते; तिथे ‘टेम्पो’पुढे धुक्याऐवजी गडगडाटी पाऊस असतो, एवढाच फरक.) मेटारमध्ये ‘ऑटो’ असेल तर नोंद केवळ यंत्राने केलेली असते आणि कडेला येऊन थांबलेले धुके तिच्यात दिसेलच असे नाही. सुधारित टॅफवर ‘एएमडी’ असते, तेही जुनी प्रत उघडी ठेवून बसणाऱ्यांच्या नजरेतून सुटते.

अ‍ॅबर्डीनहून परतताना हिशेब सोपा असतो. बोट संध्याकाळी सातला सुटते, कर्कवॉलमार्गे जाणार असेल तर पाचला, आणि सकाळी साडेसातच्या सुमारास लर्विकला लागते. दुपारी निघालेल्या नव्या टॅफमध्ये आग्नेयेचा वारा कायम असेल, ‘प्रॉब३०’चे ‘प्रॉब४०’ झाले असेल आणि मेटारमध्ये तापमान-दवबिंदू जुळत आले असतील, तर मी विमानतळावर ताटकळत न बसता केबिन घेते. वारा वळणार असे लिहिले असेल, तर विमानाचे तिकीट तसेच ठेवते.