पोती, हेस्को की टी-वॉल? उखळी तोफांच्या माऱ्यापासून तळ वाचवायचा असेल तर

तळाभोवती काय उभारायचं हे ठरवायला माणसं बसली की पहिली चर्चा होते भिंतीच्या उंचीची. माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. उखळी तोफेचा गोळा भिंतीवर येऊन आदळत नाही, आभाळातून जवळजवळ उभा खाली येतो. रायगड आठवा. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने खालून उखळी तोफांचा मारा केला, गडावरचे वाडे पेटले, पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई आत होत्या, आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. कडे जसेच्या तसे उभे होते.

मग भिंत कशाला? गोळा फुटल्यानंतरच्या क्षणासाठी. ८१ मिलिमीटरचा गोळा साधारण चार किलोचा असतो. तो जमिनीवर फुटला की कवचाचे तुकडे चहूबाजूंना आडवे सुटतात आणि माणसं मुख्यतः त्या तुकड्यांनीच मरतात. भिंत ते तुकडे अडवते. गोळा ज्या कप्प्यात पडला त्या कप्प्याची हानी होते, शेजारच्या कप्प्यातली माणसं वाचतात. म्हणून तळाभोवती एकच मोठा तट घालण्यापेक्षा आत राहुट्यांमध्ये आडव्या भिंती घालून कप्पे पाडणं मला जास्त मोलाचं वाटतं. तट हवाच, पण तो मुख्यतः गाडीबॉम्ब आणि सरळ येणाऱ्या गोळ्यांसाठी.

आता साहित्य. वाळूची पोती सगळ्यांत स्वस्त, आणि डोंगरावरच्या चौकीला बहुतेक वेळा तीच मिळतात, कारण तिथे क्रेन काय, लोडरही चढत नाही. पण पोतं रचायलाही हात बसावा लागतो. ते तीन चतुर्थांशच भरायचं, तोंड बांधून खाली दुमडायचं, फावड्याच्या पाठीने थोपटून चपटं करायचं आणि विटांसारखा सांधा मोडत रचायचं. गच्च भरलेली पोती गोल राहतात, त्यांच्यात फटी पडतात, आणि तुकडा फटीतून येतो. शिवाय उन्हाने प्लास्टिकची पोती काही महिन्यांत जीर्ण होऊन वाळू गळायला लागते. हे काम पुन्हा पुन्हा करावं लागणार, हे धरूनच पोत्यांचा हिशेब मांडा.

हेस्को म्हणजे तारेच्या जाळीची घडीची पेटी, आतून जाड कापडाचं अस्तर. इंग्लंडमधल्या लीड्सचे जिमी हेसेल्डन, एकेकाळचे कोळसा खाणकामगार, यांनी ती १९८० च्या दशकाच्या शेवटी काढली, तीही जमिनीची धूप आणि पूर रोखायला. १९९१ च्या आखाती युद्धापासून ती लष्कराने उचलली. ट्रकमधून घडी उतरवायची, ओढून उघडायची, लोडरने माती ओतायची. तिच्या एका नेहमीच्या मापाची, १.३७ मीटर उंच आणि १० मीटर लांब भिंत दोन माणसं आणि एक लोडर वीसेक मिनिटांत उभी करतात, असं उत्पादक सांगतात. तेवढ्याच कामाला दीडेक हजार पोती आणि दहा माणसांचे सात तास लागतात. दोन अडचणी मात्र आहेत. रुंदी मीटरभर लागते, उंची वाढवायची तर पायाही रुंद करावा लागतो, त्यामुळे जागा खाल्ली जाते. आणि भराव बघून घ्यावा लागतो. मोठे दगड भरले तर थेट फटका बसल्यावर तेच दगड उडतात. चिकणमाती भरली तर पावसात पेटी फुगते. वाळू किंवा बारीक मुरूम भरावा.

टी-वॉल ही प्रीकास्ट काँक्रीटची उलट्या टी आकाराची भिंत. इराकमध्ये १२ फुटी भिंतीला तिथले अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांच्यावरून ब्रेमर वॉल म्हणू लागले. एकेक तुकडा अनेक टनांचा, म्हणजे क्रेन, ट्रेलर, पक्की जमीन आणि जवळ कुठेतरी काँक्रीटचा कारखाना हवा. जागा मात्र फार कमी लागते आणि वर्षानुवर्षं टिकते. अरुंद रस्त्याला, इमारतीला लागून किंवा कायमच्या तळाला हीच घ्यावी. २००८ च्या वसंतात बगदादच्या सद्र सिटीत अमेरिकी सैन्याने सुमारे तीन हजार तुकड्यांची भिंत महिन्याभरात रस्त्याकडेने उभी केली. तिचा हेतू मारा झेलणं हा नव्हताच. ग्रीन झोनवर, म्हणजे बगदादमधल्या सरकारी कचेऱ्यांच्या बंदोबस्तातल्या भागावर, जिथून रॉकेटं आणि उखळी तोफांचे गोळे सुटत होते ती जागाच बाकीच्या वस्तीपासून तोडायची होती. तुकडा बसला की कुणीतरी शिडीवर चढून क्रेनचा साखळदंड सोडवायचा, समोरून गोळीबार चालू असताना. भिंतीने काय काय साधता येतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण या तिन्हींच्या नुसत्या भिंतींनी छप्पर होत नाही, आणि पैसे कमी असतील तर आधी छप्परच करा, तेही माणसं झोपतात आणि जेवतात तिथे. २१ डिसेंबर २००४ रोजी इराकमधल्या मोसुलच्या अमेरिकी तळावर जेवणाच्या तंबूत स्फोट होऊन २२ जण गेले. हल्लेखोर आत्मघाती होता, पण सुरुवातीला सगळ्यांना वाटलं रॉकेट किंवा उखळी तोफेचा गोळा पडला. कापडाखाली शेकडो माणसं एकाच वेळी जेवायला बसत होती. चांगलं छप्पर दोन थरांचं असतं. वरच्या थरावर गोळा फुटतो, मधली पोकळी आणि खालचा पोत्यांचा थर तुकडे झेलतो. ८१ चा गोळा अशाने थोपतो. उशिरा फुटणाऱ्या फ्यूजचा १२० मिलिमीटरचा गोळा थोपेलच असं नाही, त्याला जाड काँक्रीट लागतं.

गोळा हवेतच फोडणारी सी-रॅम तोफ २००५ पासून इराकमध्ये वापरात आली. नौदलाची २० मिलिमीटरची फॅलँक्स ट्रेलरवर चढवलेली. मोठ्या तळालाच ती परवडते. छोट्या तळाने निदान रडार आणि भोंगा घ्यावा, कारण काही सेकंदांची सूचनासुद्धा माणसाला आडवं व्हायला पुरते.

त्या सेकंदांचं मोल आपल्याकडे जम्मूच्या सीमेवरच्या गावांना ठाऊक आहे. तिथे पाच जिल्ह्यांसाठी १४,४६० बंकर मंजूर झाले. घरगुती बंकर १६० चौरस फुटांचा, आठ जणांसाठी. सामुदायिक बंकर ८०० चौरस फुटांचा, चाळीस जणांसाठी. हिशेबाला दोन्ही सारखेच, माणशी वीस चौरस फूट. तरी मी घरगुतीच निवडेन, कारण सामुदायिक बंकरपर्यंत म्हातारी माणसं आणि लेकरं यांना उघड्यावरून धावावं लागतं. तळाचा नकाशा काढतानाही मी प्रत्येक खाटेपासून बंकरच्या दारापर्यंतची पावलं मोजेन. ती वीसच्या वर गेली तर तटाच्या पैशातून आणखी एक बंकर बांधेन.