पोलादी जॉब न वाकवता सिल्व्हर सोल्डरिंग : ५५ टक्के चांदीची कांडी, पांढरा फ्लक्स आणि प्रोपेन बर्नर, काही महिन्यांच्या वापरानंतर

सिल्व्हर सोल्डरिंग म्हणजे चांदीचा मिश्रधातू फटीत वितळवून दोन भाग जोडणं. आधी संच काय आहे ते सांगतो. ५५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली दीड मिलिमीटरची कांडी, त्याच मिश्रधातूची एक मिलिमीटरची तार, डब्यातला पांढरा पेस्ट फ्लक्स (तापलेल्या धातूवर ऑक्साइड जमू न देणारा लेप), हवेतूनच ऑक्सिजन घेणारा प्रोपेन बर्नर आणि हलक्या, सच्छिद्र उष्णतारोधक विटा. यावर मॉडेल इंजिनांचे लिव्हर आणि क्रँक, पत्र्याचे ब्रॅकेट, नळीवरचे फ्लँज, लेथची लहान हत्यारं असं बरंच काही जोडून झालं आहे. जोड पक्का बसतो, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. मला हा संच आवडला तो दुसऱ्याच कारणासाठी. मशीनिंग पूर्ण झालेला भाग जोडला, तरी तो नंतर सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) नीट बसतो. मात्र हे श्रेय एकट्या कांडीचं नाही. जॉब, म्हणजे हातातला भाग, वाकणार की नाही हे ज्योत कशी फिरते, जॉब कसा धरलाय आणि पोलादाच्या आत आधीपासून किती ताण साठलाय यावर ठरतं. म्हणून या अनुभवात कांडीपेक्षा वाकण्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

तरीही कांडीची निवड महत्त्वाची आहेच. या मिश्रधातूत ५५ टक्के चांदी, २१ टक्के तांबं, २२ टक्के जस्त आणि २ टक्के कथील असतं. तो ६३० अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि ६६० ला पूर्ण पातळ होतो. पितळी कांडीने जोडायचं, म्हणजे ब्रेझिंग करायचं, तर ९०० अंशांच्या आसपास जावं लागतं. हा फरक फक्त गॅस वाचवण्यापुरता नाही. साध्या कार्बन पोलादाची अंतर्गत रचना ७२७ अंशांना बदलायला लागते आणि त्या बदलासोबत आकारमानही बदलतं. ६६० ला काम उरकलं की ही रेषा ओलांडावीच लागत नाही. म्हणजे वाकण्याचं एक मोठं कारण कांडी निवडतानाच बाद होतं. ज्यात कार्बन जास्त आहे अशा टूल स्टीलमध्ये तर याचा फायदा दुप्पट, कारण ७२७ च्या वर तापवून पटकन थंड झालं तर त्याला नकळत पाणी दिल्यासारखं होतं, आणि मग तो भाग कडकही होतो आणि वेडावाकडाही.

खरेदी करताना लेबलवर वितळण्याचं तापमान वाचा. चार टक्के चांदी असलेली कथिलाची तारही चांदीच्या नावाने मिळते. ती २२१ अंशांना वितळते आणि तिचा उपयोग वेगळा आहे. जुन्या साठ्यातल्या काही कांड्यांमध्ये कॅडमियम असतं. त्या आणखी कमी तापमानाला वितळतात आणि झकास वाहतात, पण कॅडमियमचा धूर जीवघेणा आहे. युरोपीय संघाने ब्रेझिंगच्या मिश्रधातूंमध्ये त्यावर २०११ मध्ये बंदी घातली. फुकट मिळाली तरी ती कांडी घेऊ नका.

आता वाकण्याकडे वळतो. १०० मिलिमीटर लांबीची पोलादी पट्टी खोलीच्या तापमानापासून ६५० अंशांपर्यंत नेली की ती सुमारे ०.९ मिलिमीटरने वाढते. सगळी पट्टी एकसारखी वाढली आणि एकसारखी आटली तर काहीच बिघडत नाही. प्रश्न येतो तो एक कडा लाल आणि दुसरी अजून काळीच असते तेव्हा. लाल भागाला पसरायचं असतं, थंड भाग त्याला जागा देत नाही. त्यातच ६०० अंशांना साध्या पोलादाची ताकद निम्म्याहून कमी झालेली असते, त्यामुळे लाल भाग हार मानतो आणि जागच्या जागी दबून आखूड, जाड होतो. हे दबणं कायमचं असतं. थंड होताना तो मूळ लांबीपेक्षा आखूड होतो आणि सगळा जॉब स्वतःकडे ओढून घेतो. म्हणूनच तापवताना बाक एका बाजूला दिसतो आणि थंड झाल्यावर उलट्या बाजूला. ही गोष्ट एकदा डोळ्यांसमोर उभी राहिली की पुढची सगळी पथ्यं तिच्यातूनच निघतात, वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

पहिलं पथ्य बर्नरचं. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत ३००० अंशांच्या वर जाते आणि एका बिंदूवर मारा करते. कसलेला हात तिनेही सुंदर काम करतो, पण पातळ आणि लांब भागांसाठी मी मोठ्या तोंडाचा प्रोपेन बर्नरच घेईन. त्याची ज्योत रुंद, मऊ आणि झुबकेदार असते. ती जोडावर धरायचीच नाही, जोडाच्या आजूबाजूने अख्ख्या जॉबवर फिरवायची. आधी जाड भाग, मग पातळ. पातळ पत्रा ज्योतीच्या कडेच्या उष्णतेनेही पुरेसा तापतो. माझ्या बर्नरसोबत वेगवेगळ्या मापांची तोंडं आली. सर्वांत लहान तोंड मी जवळजवळ बाजूलाच ठेवलं आहे. लहान ज्योतीने वेळ लागतो, वेळ लागला की फ्लक्स दमतो आणि उष्णता जोडापाशीच साचते. लहान जॉबलाही मधलं तोंड लावून ज्योत थोडी दूर धरणं बरं पडतं.

विटांनी माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त काम केलं. जड भट्टीच्या विटा स्वतःच उष्णता पिऊन टाकतात. हलक्या, सच्छिद्र विटा मात्र काही क्षणांत लाल होतात आणि उष्णता जॉबकडे परत फेकतात. खाली एक, मागे एक, बाजूला एक असा कोनाडा केला की जॉबची मागची बाजूही पुढच्या बाजूसोबत तापते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. या विटा ठिसूळ आहेत. सांडलेला फ्लक्स त्यांना खातो, कोपरे झडतात. त्यांची झीज होणारच हे धरून चला. एक चांगली सोय म्हणजे त्या साध्या करवतीने कापता येतात, त्यामुळे जॉबच्या आकाराची खाच करून घेता येते.

जॉब धरण्याबद्दल माझं मत ठाम आहे. वाकू नये म्हणून जाड क्लॅम्प आवळणारे बरेच जण भेटतात, पण त्यामुळे वाकणं वाढतंच. क्लॅम्प थंड राहतो, जॉबला पसरू देत नाही, आणि तापलेला मऊ धातू वर सांगितल्याप्रमाणे दबतो. वर क्लॅम्पच्या जागी उष्णता शोषली जाते, त्यामुळे तापमान असमान होतं ते वेगळंच. त्यापेक्षा भागांनी एकमेकांना धरावं अशी रचना आधीच करा. छोटी पिन, खाच, खांदा, एखादा बारीक स्क्रू, किंवा सेंटर पंचाने उठवलेले दोन-तीन ठिपके. हे नसेल तर जॉबचं स्वतःचं वजन, किंवा वरून ठेवलेला छोटा तुकडा. बांधायचंच असेल तर बारीक स्टेनलेस तारेने आणि तारेत मध्ये एक पीळ सोडून, म्हणजे ती स्प्रिंगसारखी थोडी देते.

या सगळ्यानंतरही एखादी पट्टी वाकते. त्यामागे बहुतेक वेळा कोल्ड ड्रॉन स्टॉक असतो. थंड अवस्थेत ओढून किंवा रोलमधून काढून बनवलेल्या पट्टीत ताण कोंडलेला असतो. वरच्या पृष्ठभागावर आणि गाभ्यात तो एकमेकांना तोलून धरतो. एका बाजूने मिलिंग केलं की हा तोल जातो, आणि तापवलं की उरलेला ताण सुटून पट्टीला बाक येतो. यावर उपाय जुना आहे. कच्चं मशीनिंग करा, भाग ५५० ते ६५० अंशांवर दर २५ मिलिमीटर जाडीला तासभर ठेवा, सावकाश थंड होऊ द्या, मगच शेवटचं माप काढा आणि जोडा. भट्टी नसेल तर हॉट रोल्ड, म्हणजे गरम असताना रोलमधून काढलेली, पट्टी घ्या. तिच्यावरचा काळा खवला काढण्याचं काम वाढतं, पण तिच्यात कोंडलेला ताण बराच कमी असतो. अचूकता हवी असलेल्या लांब भागांसाठी मी आता हॉट रोल्डच वापरतो.

फटीचं माप हा या कामाचा दुसरा कणा. सोल्डर, म्हणजे कांडीचा मिश्रधातू, पातळ झाल्यावर केशाकर्षणाने आत ओढला जातो, आणि त्यासाठी जोडाच्या तापमानाला फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर असावी. ठोकून बसवलेल्या भागात सोल्डर शिरायला जागाच नसते. फार सैल असेल तर तो भरतो, पण जोड कमकुवत राहतो. ‘जोडाच्या तापमानाला’ हे शब्द विसरू नका. पोलादी घरात पितळी बुश (आत बसणारी नळी) बसवत असाल तर पितळ जास्त पसरतं. २० मिलिमीटर व्यासावर हा फरक ०.०७ ते ०.०८ मिलिमीटर होतो आणि थंड असताना बरोबर वाटलेली फट तापल्यावर मिटायला येते. बाहेरचा भाग पितळी असेल तर उलट, फट वाढते. दोन्ही भाग पोलादाचे असले तरी आतला दांडा आधी तापवला तर फट मिटते आणि बाहेरची रिंग आधी तापवली तर उघडते. मी आधी रिंगकडे जातो.

फ्लक्सबद्दल सांगायचं तर मी त्याच्याकडे थर्मामीटर म्हणूनच बघतो. १०० अंशांच्या पुढे त्यातलं पाणी उकळतं आणि तो पांढरा फुगतो. ३०० च्या आसपास फुगवटा खाली बसायला लागतो, ४२५ ला तो दुधी दिसतो आणि ६०० च्या थोडं अलीकडे काचेसारखा नितळ होऊन पाण्यासारखा वाहतो. पूर्ण जॉबवर तो एकाच वेळी नितळ झाला तर तापमान एकसारखं आहे. एकीकडे नितळ आणि दुसरीकडे पांढरा असेल तर ज्योत पांढऱ्या बाजूला न्या. वाकणं टाळण्यासाठी मला याहून चांगली खूण मिळालेली नाही, म्हणून मी फ्लक्स फक्त जोडावर न लावता दूरवर दोन-चार ठिपके देतो. नितळ झाल्यावर थोडं थांबून कांडी जोडाला टेकवायची. ती जॉबच्या उष्णतेने वितळली पाहिजे, ज्योतीने नाही. सोल्डर जास्त तापलेल्या बाजूकडे धावतो, म्हणून कांडी एका बाजूने द्या आणि ज्योत दुसऱ्या बाजूला ठेवा. खोली थोडी अंधारी असू द्या. मंद लाल रंग भर उजेडात दिसतच नाही आणि मग जॉब गरजेपेक्षा बराच तापतो.

या पांढऱ्या फ्लक्समध्ये फ्लोराइड असतं. त्याचा धूर नाकाघशाला झोंबतो आणि फुप्फुसांना वाईट, त्यामुळे हवा खेळती हवीच. डब्यातली पेस्ट काही काळाने वाळते, पण पाणी घालून ढवळली की पूर्ववत होते. नुसत्या टाकणखारावर हे काम करू पाहणारे असतात, पण टाकणखार उशिरा, ७४० अंशांच्या पुढे वितळतो. या कांडीला तो जुळत नाही.

सोल्डर नको तिथे पसरू नये म्हणून पेन्सिलीची जाड रेघ किंवा लिखाणावर लावतात तो पांढरा करेक्शन फ्लुइड चालतो. तो आधी पूर्ण वाळू द्या. याचा वाकण्याशी थेट संबंध नाही, पण नंतर कानशीने सोल्डर काढत बसावं लागत नाही. तारेचं कडं करून जोडावर आधीच ठेवणं ही माझी आवडती पद्धत आहे. मोजकाच सोल्डर जातो, कांडी द्यायला हात अडकत नाही आणि दोन्ही डोळे रंगावर राहतात. चांदी महाग, त्यामुळे हिशेबातही ते परवडतं.

स्टेनलेसवर हा संच तितकासा निर्धास्त नाही. ३०४ सारखं स्टेनलेस साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश उष्णता वाहून नेतं आणि वर जास्त पसरतं. १०० मिलिमीटरला त्याच तापमानात १.१ मिलिमीटरहून जास्त. म्हणजे उष्णता जिथे पडेल तिथेच साचते आणि वाकण्याची सगळी सामग्री तयार. त्याला आणखी सावकाश, आणखी रुंद ज्योतीने तापवावं लागतं. तेवढ्या वेळात पांढरा फ्लक्स संपतो, म्हणून बोरॉन असलेला काळा फ्लक्स घ्या. कार्बाइडची (अतिशय कठीण पदार्थाची) टीप हत्याराच्या पोलादी शँकवर, म्हणजे दांड्यावर, बसवताना वेगळी अडचण आहे. कार्बाइड पोलादाच्या साधारण निम्मंच पसरतं, त्यामुळे थंड होताना शँक वाकते किंवा टीप तडकते. लहान टीप या कांडीने नीट बसते. मोठ्या टीपसाठी मध्ये तांब्याचा थर असलेली तिहेरी पट्टी मिळते. मऊ तांबं तो फरक सोसून घेतं.

थंड करताना घाई करू नका. सोल्डर गोठेपर्यंत जॉबला हात लावायचा नाही, आणि नंतरही लाल असताना पाण्यात बुडवायचा नाही. रचना बदलणारं तापमान गाठलं नसलं तरी एक बाजू आधी पाण्यात गेली की असमान आकुंचन होतंच. मी जॉब विटांच्या कोनाड्यातच सोडतो आणि त्यावर अजून एक वीट ठेवतो. हाताला सोसवेल इतका गार झाल्यावर गरम पाण्यात टाकतो. साठ अंशांच्या वरच्या पाण्यात फ्लक्सची काच विरघळते, उरलेली ब्रशने निघते. काळा डाग राहिला तर सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात थोडा वेळ ठेवा, नंतर धुवून लगेच कोरडा करून तेल लावा, नाहीतर ताजं उघडं पोलाद गंजायला लागतं.

तक्रारी दोन. ही कांडी इतकी पातळ वाहते की कोपऱ्यात गोलाई भरून घ्यायची असेल तर ती उपयोगी पडत नाही. त्यासाठी वितळू लागणं आणि पूर्ण पातळ होणं यांत जास्त अंतर असलेला, कमी चांदीचा मिश्रधातू बरा. आणि वीस मिलिमीटरहून जाड भरीव तुकडा असला की माझा बर्नर हाशहुश करतो. पूर्ण जॉब तापत नाही, मग जोडापाशीच उष्णता ओतावी लागते आणि सरळपणाची खात्री राहत नाही. अशा कामाला मी दोन बर्नर दोन बाजूंनी लावतो, किंवा जोड न देता तो भाग एकाच तुकड्यातून मिलिंग करून काढतो.