जुन्या बुलेटवर कोन फिल्टर : आठ महिने, तीन जेट आणि दोन मिलिमीटर रबर

कास्ट आयर्न बुलेट ३५० ज्यांच्याकडे आहे त्यांना मिककार्ब व्हीएम-२४ कार्बोरेटर नव्याने सांगायला नको. मेन जेट ९०, पायलट जेट २५ (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं नोजल), निडलची, म्हणजे मूठ उघडली की वर उठणाऱ्या सुईची, क्लिप मधल्या खाचेत, हवेच्या मूळ पेटीत कागदी फिल्टर, सायलेन्सर मूळचाच. पेटी काढून तेल लावलेल्या कापडाचा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर लावला. पहिल्याच आठवड्यात मत विचारलं असतं तर पाचपैकी चार दिले असते. आज दीड देतो, त्यातला अर्धा तो धुता येतो म्हणून.

कोन बसवल्यावर लक्षणं एकमेकांशी भांडतात. ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण उघडली तरी गाडी ओढत नाही, प्लग पांढरा. हे कळण्यासारखं आहे. पेटीचा अडसर गेला, हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. पण सिग्नलला उभी असताना हीच गाडी घुसमटते आणि प्लगवर काजळी धरते. यावर ठरलेला सल्ला म्हणजे पायलट बारीक करा. २२.५ टाकला की आयडल (मूठ सोडलेली असताना इंजिनची चाल) सुधारल्यासारखं वाटतं, मात्र मूठ उघडताना गाडी दम खाते आणि उतारावर मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट ऐकू येते.

इथे जेट बदलत बसू नका, आधी कार्बोरेटरचा एअर स्क्रू (पायलटची हवा कमी-जास्त करणारा) फिरवून बघा. मिककार्बवर तो बाहेर काढला की हवा वाढते, आत घेतला की मिश्रण घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं. इंजिन तापलेलं असताना अर्ध्या फेऱ्यापासून तीन फेऱ्यांपर्यंत फिरवूनही आयडल ढिम्म हलत नसेल, तर हवेचा रस्ताच बंद आहे.

तो बंद केला होता कोनाच्या रबरानं. कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरी मारून बघा. खालच्या कडेला दोन बारीक भोकं दिसतील. एकातून पायलटला हवा जाते, दुसऱ्यातून निडल जेटला. कोनाच्या रबरी गळ्याला आतून जेमतेम दोन मिलिमीटरची कड असते. गळा पूर्ण आत सारला की ती कड नेमकी या भोकांवर बसते. कोन काढून बघितलं तर रबरावर भोकाचा अर्धचंद्र उमटलेला असतो. डब्यावर मात्र छापलंय : 'थेट बसवा'. ज्याने हे छापलं त्याने हा कोन एकदा तरी या कार्बोरेटरवर बसवून बघायला हवा होता.

उपाय फुकटचा आहे. नवं ब्लेड साबणाच्या पाण्यात बुडवून कड खालच्या बाजूने कापायची. तुकडे नीट पुसायचे, एखादा आत राहिला तर थेट स्लाइडखाली, म्हणजे मुठीसोबत वर-खाली होणाऱ्या दट्ट्याखाली, जातो. पायलट परत २५. आता स्क्रू जिवंत होतो आणि दीड फेऱ्यावर आयडल सर्वांत चढं लागतं. हीच जागा तीन फेऱ्यांच्या पुढे आली तर पायलट मोठा आहे, एका फेऱ्याच्या आत आली तर लहान.

मग मेन. मुठीवर आणि मुठीच्या शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर कागदी टेप लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करा, नाहीतर कुठल्या टप्प्यात गाडी अडते ते कळतच नाही. पाव मुठीपर्यंत पायलट आणि स्लाइड, पाव ते पाऊण निडल, त्यापुढे मेन. कोनावर १०० जास्त झाला, ९५ बसला.

पण कुठला ९५? दोन दुकानांतून घेतलेले दोन ९५ सारखे निघाले नाहीत. ५० मिलीच्या सिरिंजला पेट्रोल पाइपच्या तुकड्याने जेट जोडायचा, उघड्यावर, विस्तवापासून लांब, आणि ५० पासून २० च्या खुणेपर्यंत पेट्रोल उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. मूळ ९० ला ६४ सेकंद, एका ९५ ला ६१, दुसऱ्याला ५३. म्हणजे तो दुसरा १०० च्याही पुढचा. शिवाय मिकुनीच्या (मिककार्ब ज्यांच्या रचनेचा आहे ती जपानी कंपनी) षटकोनी जेटवरचा आकडा प्रवाहाचा असतो, गोल डोक्याच्या जेटवरचा भोकाच्या मापाचा. त्यामुळे दोन जातींचे आकडे समोरासमोर ठेवू नका. जुना जेट फेकू नका, आपली मोजपट्टी तोच.

इथपर्यंत मत पुन्हा बरं झालं होतं. बिनसलं ते पावसाळ्यात. कोन मागच्या चाकाच्या शिंतोड्यात येतो, कापड भिजलं की गाडी मिसिंग करते. धुऊन सावलीत वाळवला, तेल बेतानं लावलं, तरी ओल्या दिवसात तेच. त्याहून वाईट म्हणजे, गळ्याच्या आतून बोट फिरवलं तर बारीक मातीची रेघ. कापलेली कड हाच गळ्याचा अटकाव होता. आता बुलेटच्या थरथरीनं गळा सरकतो आणि पट्टा आवळूनही फटीतून माती आत जाते. कड ठेवली तर भोक बंद, कापली तर माती. सिलिंडर बोअर करायचा खर्च डोळ्यांसमोर आल्यावर पेटी परत चढवली.

पेटीवर मेन ९०, पायलट २५, पण क्लिप वरून चौथ्या खाचेत, म्हणजे निडल एक खाच वर. हे कोनामुळे नाही, पेट्रोलमुळे. साध्या पेट्रोलला एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, सुमारे १३.५. जेट तोच ठेवला की मिश्रण आपोआप पातळ होतं, आणि जुन्या गाडीत ते कळून येतं अर्ध्या मुठीला, चढावर. क्लिप हलवायला पैसा लागत नाही. कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडा, स्लाइड बाहेर, क्लिप खाली, बस. क्लिप उडते, खाली फडकं अंथरा.

टाकी ते टाकी ॲव्हरेज पेटीवर ३४, कोनावर २९, परत पेटीवर ३३. कोनाच्या पैशात पाच-सहा वर्षांचे कागदी फिल्टर आले असते. दुकानदार परत घेईना, रबर कापलेलं आहे म्हणून.