ॲझाथायोप्रिन की इन्फ्लिक्सिमॅब?

क्रोन्सच्या आजारात आतड्याला सूज, दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला धाव, त्यात विरार लोकलचा प्रवास. स्टिरॉइड काही सुटत नाही म्हटल्यावर डॉक्टर बहुतेकदा रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची ही दोन नावं काढतात.

ॲझाथायोप्रिन म्हणजे रोजची गोळी, खिशाला परवडणारी. पण गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात, तोवर स्टिरॉइडच्याच कुबड्या. पांढऱ्या पेशी अचानक घसरू शकतात, म्हणून रक्त तपासत राहायचं. आपल्याकडे यामागे बरेचदा एनयूडीटी १५ या जनुकातला बदल असतो. तो गोळी सुरू करण्याआधीच तपासता येतो. या त्रासाची खूण म्हणून केस गळायला लागेपर्यंत कशाला थांबायचं?

इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून देतात: पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर ८ आठवड्यांनी. गुण लवकर दिसतो. आजार जोरात असेल, भगंदर झालं असेल, तर माझा कौल यालाच. बिल मात्र घाम फोडतं, बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीचं) घेतलं तरी.

मुंबईत खरी धास्ती टीबीची. इन्फ्लिक्सिमॅबने दबलेला जंतू उठू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि मँटू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) ही टीबीची चाचणी. त्यातून आतड्याचा टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो; निदानच चुकलं तर दोन्ही औषधं महागात पडतात.