रोजची गाडी, मातीचा ट्रॅक: अमेरिकेतल्या एससीसीए रॅलीक्रॉसचं परीक्षण

रॅलीक्रॉस म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर पाच-सहा गाड्या एकमेकींना घासत वळणात घुसतायत असं दृश्य येतं. ते युरोपातलं रॅलीक्रॉस. १९६७ साली इंग्लंडमधल्या लिडन सर्किटवर टीव्हीसाठी घडवलेल्या शर्यतीतून ते सुरू झालं. इथे परीक्षण आहे ते अमेरिकेतल्या ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’च्या, म्हणजे एससीसीएच्या रॅलीक्रॉसचं. त्यात गवताच्या किंवा मातीच्या मैदानावर केशरी प्लास्टिकचे शंकू, म्हणजे ‘कोन’, मांडून वाट आखतात. गाड्या एकेक करून सोडतात आणि लढत असते ती फक्त घड्याळाशी. टक्कर घ्यायला समोर दुसरी गाडीच नाही, त्यामुळे ऑफिसला नेतो ती सिव्हिक किंवा कोरोला घेऊन उतरणं वेडेपणाचं ठरत नाही. शोधताना ‘ऑटोक्रॉस’ टाकू नका. भारतात त्या नावाने मातीवरच्या स्पर्धा होत असल्या तरी अमेरिकेत त्याचा अर्थ डांबरी पार्किंग लॉटवरची स्पर्धा असा होतो.

आधी पैशांचं. क्लबच्या स्थानिक शाखा एका दिवसाचे साधारण ५० ते १०० डॉलर घेतात. कायमचं सभासदत्व नसेल तर वीकएंड मेंबरशिप मिळते. नोंदणी बहुधा ‘मोटरस्पोर्टरेग’ या संकेतस्थळावर होते. हेल्मेट लागतं, आणि त्याच्या आतल्या बाजूला ‘स्नेल’ या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए किंवा एम यांसारखं मान्य मानांकन असलेलं स्टिकर हवं. नुसतं ‘डॉट’ (अमेरिकेचं सरकारी मानक) लिहिलेलं हेल्मेट तपासणीत नाकारतात. बऱ्याच शाखांकडे उसनी हेल्मेटं असतात, तेव्हा पहिल्याच वेळी तीनशे डॉलर घालवायची गरज नाही. बिनबदलाची गाडी ‘स्टॉक’ गटात मोडते, आणि पुढे फ्रंट, रिअर की ऑल-व्हील ड्राइव्ह यावरून उपगट पडतात. स्प्रिंग किंवा डिफरन्शियल बदललं की स्टॉकमधून बाहेर. नवख्याने स्टॉकमध्येच उतरावं. गाडीत पैसा ओतून आलेल्यांशी तुलना तरी होत नाही.

या स्पर्धेचा खरा स्वभाव तिच्या बेरजेत आहे. डांबरावरच्या ऑटोक्रॉसमध्ये तुमची सगळ्यात चांगली फेरी मोजतात. इथे दिवसभरातल्या सगळ्या फेऱ्यांची वेळ एकत्र करतात. कोन आडवा पडला किंवा आखलेल्या जागेबाहेर गेला की दोन सेकंदांचा दंड. गेट, म्हणजे दोन कोनांमधली ठरलेली वाट, चुकली की दहा सेकंद. समजा आठ फेऱ्या आहेत आणि प्रत्येक फेरीत तुम्ही शेजाऱ्यापेक्षा दोन सेकंद हळू आहात. तुम्ही सोळा सेकंद मागे पडलात. त्याने एक गेट चुकवलं आणि तीन कोन पाडले की त्याचेही सोळाच गेले. म्हणून नवख्याला इथे निकालात जागा आहे, आणि म्हणूनच पहिल्या फेरीत हिरोगिरी करणारे संध्याकाळी तळाला असतात. पहिल्या दोन फेऱ्या सत्तर टक्के जोर लावून, पण एकही गेट न चुकवता पूर्ण करा. जोर वाढवायला उरलेला दिवस आहे.

कुठली गाडी चालते? छोटी सेडान किंवा हॅचबॅक उत्तम. जुनी सिव्हिक, फोकस, इम्प्रेझा, मियाटा या तिथे नेहमी दिसणाऱ्या. अमेरिकेतल्या मराठी घरांच्या ड्राइव्हवेमध्ये मात्र बहुतेक वेळा रॅव्ह-४, सीआर-व्ही किंवा ओडिसी उभी असते, आणि तिथेच घोडं अडतं. उंच आणि त्या मानाने अरुंद गाडी आडवी घसरताना चरात चाक अडकलं तर कलंडू शकते. अशा गाडीची नोंदणी करण्याआधी आयोजकांना मॉडेल कळवून विचारा, घरातली दुसरी सेडान असेल तर सरळ तीच न्या. सीव्हीटी (ठरावीक गियरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) गियरबॉक्स चालतो, पण लागोपाठ फेऱ्यांत तापला की स्वतःला वाचवायला इंजिनाची ताकद कमी करतो. दोन फेऱ्यांमध्ये त्याला निवू द्या. साधा ऑटोमॅटिक असेल तर तो ‘एल’ किंवा ‘२’ वर धरून ठेवा. जवळजवळ सगळं काम दुसऱ्या गियरमध्येच होतं, आणि ऐन वळणात गियरबॉक्सने वरचा गियर टाकला की पुढची ओढ जाते.

तयारीत सगळ्यात महत्त्वाचे टायर. रस्त्यावरचे ऑल-सीझन टायर चालतात, पण त्यांच्या खाचा दोन मिनिटांत मातीने भरतात आणि पुढे तो गुळगुळीत टायर होतो. स्वस्तातली सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे स्नो टायर. त्यांचं रबर मऊ असतं, खाचा मोकळ्या असतात आणि चिखल बाहेर फेकला जातो. कोरड्या, खडीच्या मैदानावर मात्र त्यांचे ठोकळे फाटतात, म्हणून मागच्या हिवाळ्यातले उतरलेले टायर यासाठी राखून ठेवणारे पुष्कळ आहेत. अठरा इंची रिमवरचे पातळ टायर घेऊन जाऊ नका. त्याच मॉडेलच्या बेस ट्रिमची, म्हणजे सगळ्यात साध्या आवृत्तीची, पंधरा-सोळा इंची रिम ब्रेकवर बसत असेल तर तिच्यावरचा जाड टायर खड्ड्याचा मार झेलतो, पातळ टायरमध्ये तो थेट रिमला लागतो आणि रिम वाकते.

हवा किती? मातीवर हवा कमी करायची असं ऐकिवात असतं. हळू चालणाऱ्या फोर-बाय-फोरसाठी ते बरोबर. इथे गाडी आडवी घसरते, कमी हवेचा टायर रिमवरून निसटतो, किंवा टायरची कड आणि रिम यांच्या मध्ये गवत-माती अडकून हवा हळूहळू गळू लागते. दरवाज्याच्या स्टिकरवर ३२ पीएसआय असेल तर ३६ ते ३८ ने सुरुवात करा आणि दर दोन फेऱ्यांनंतर गेज लावून बघा. एकाच टायरची हवा उतरत असेल तर कडेला माती गेली आहे हे समजायचं.

तंत्रतपासणी म्हणजे कटकट नव्हे, आणि ती घरीच अर्धी उरकता येते. डिकीतलं सगळं बाहेर काढा, स्टेपनी आणि जॅकसुद्धा. फ्लोअर मॅट काढा, चालकाच्या बाजूचा तर नक्कीच, कारण घसरलेला मॅट ब्रेक पेडलखाली जातो. बॅटरी हाताने हलवून बघा. हलली तर तिचा पट्टा आवळा. चाकांचे नट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आणा. बहुतेक सिव्हिकसाठी ते १०८ न्यूटन-मीटर आहे, बाकीच्यांनी आपापल्या मॅन्युअलमध्ये बघावं. चाक दोन्ही हातांनी वर-खाली हलवून बेअरिंग ढिलं नाही ना, हे पाहा. सीव्ही जॉइंटच्या, म्हणजे चाकापर्यंत इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या सांध्याच्या, रबरी बुटाला चीर असेल तर त्या दिवशी जाऊच नका. आत गेलेली माती जॉइंट खाऊन टाकेल. इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर सगळ्यात आधी बळी पडतं. एकही क्लिप तुटलेली असेल तर ते खाली लोंबकळतं आणि एखाद्या चरात अडकून उरलेलंही उपटतं. झिप टाय, डक्ट टेप, टायर गेज आणि छोटा कंप्रेसर एवढं सामान पुरतं.

मैदानावर पोचल्यावर नोंदणी, तपासणी, मग वाट पायी चालून बघणं. ही फेरी कितीही थंडी असली तरी टाळू नका, जमलं तर दोनदा चाला. पहिल्यांदा फक्त गेटांचा क्रम. दुसऱ्यांदा गाडीच्या सीटच्या उंचीवर वाकून बघा, कारण उभ्याने स्पष्ट दिसणारी वाट बसल्यावर कोनांचं जंगल वाटते. सकाळचं दवाने ओलं गवत बर्फासारखं निसरडं असतं. चार-पाच गाड्या गेल्या की गवत उडून माती उघडी पडते आणि पकड वाढते. दुपारपर्यंत वळणांत चर पडतात. म्हणजे सकाळी ठरवलेला ब्रेकचा बिंदू दुपारी चुकीचा असतो. चर खोल नसेल तर त्याच्या बाहेरच्या कडेवर चाक टेकवून वळता येतं, खोल असेल तर तो टाळून वळणाच्या आतल्या बाजूने जा.

चालवण्यात नव्यांची एकच चूक पुन्हापुन्हा दिसते. वळणाकडे फार वेगात येणं, मग स्टिअरिंग जास्त फिरवणं, मग गाडी सरळच जाते म्हणून अजून फिरवणं. फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकं एकाच वेळी वळायचं आणि ओढायचं काम करतात. मातीवर त्यांना दोन्ही पेलत नाही. ब्रेक सरळ रेषेत आणि लवकर लावा, वळताना अॅक्सिलरेटर सोडा म्हणजे वजन पुढे येऊन मागचा भाग थोडा सुटतो, आणि गाडीचं नाक बाहेर पडायच्या दिशेला आलं की मगच पाय द्या. एबीएसवर विसंबू नका. मोकळ्या मातीवर लॉक झालेलं चाक पुढे मातीचा ढिगारा जमवून थांबतं, एबीएस तो ढिगारा जमूच देत नाही आणि थांबायचं अंतर वाढतं.

गाडी घसरू लागली की आपोआप आवरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करायला विसरलात तर गाडी ऐन वळणात शक्ती कापते आणि चूक आपली की गाडीची ते कळत नाही. अनेक टोयोटांमध्ये गाडी उभी असताना ते बटण तीन सेकंदांहून जास्त दाबून धरावं लागतं. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की ते आपोआप परत सुरू होतं, म्हणून प्रत्येक फेरीआधी स्टार्ट लाइनवर तपासा. नव्या गाड्यांत अजून एक अडचण: ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकत्र दाबले की इंजिनाची ताकद कापली जाते, त्यामुळे डाव्या पायाने ब्रेक मारायचे व्हिडिओ पाहून आलेल्यांची पंचाईत होते. हँडब्रेक बटणाचा असेल तर त्याचाही उपयोग शून्य.

या स्पर्धेतला सगळ्यात नावडता भाग म्हणजे वेळ. आठ फेऱ्या, एकेक साधारण मिनिटाची, म्हणजे सकाळी सातपासून चारपर्यंत मैदानावर राहून जेमतेम आठ-दहा मिनिटं गाडी चालवायची. उरलेल्यातला अर्धा दिवस काम करायचं असतं. एक गट चालवतो तेव्हा दुसरा कोन उभे करतो आणि रेडिओवर दंड कळवतो. हे काम ऐच्छिक नाही. येणाऱ्या गाडीकडे पाठ करू नका, खाली बसू नका, फोन खिशात ठेवा. पण फुकट जात नाही हा वेळ. कोणती गाडी कुठे वळणाच्या बाहेर ढकलली जाते, कुठे उगीच कोन पडतात, हे कोनाजवळ उभं राहून जेवढं कळतं तेवढं स्टिअरिंगमागे कळत नाही. आयोजक परवानगी देत असतील तर अनुभवी चालकाला शेजारी बसवून एक फेरी करा.

विम्याची गोष्ट मात्र कोणी मोठ्याने सांगत नाही. नेहमीच्या कार पॉलिसीत घड्याळावरच्या स्पर्धेतलं नुकसान सहसा वगळलेलं असतं, आणि उत्पादकाची वॉरंटीही स्पर्धेतल्या बिघाडाला लागू होत नाही. क्लबचा विमा तुमच्या बंपरचे पैसे देत नाही. लीजवरची किंवा हप्ते चालू असलेली गाडी म्हणूनच नको. फुटला तरी चालेल असा बंपर असलेली, कर्ज फिटलेली गाडी हवी.

एवढं करून हे घ्यावं का? गाडी घसरते तेव्हा हातापायांनी काय करायचं हे इतक्या स्वस्तात शिकवणारी दुसरी जागा सापडणं कठीण. हिवाळ्यात बर्फाच्या राज्यात गाडी चालवणाऱ्यांना तर हा खर्च दुप्पट वसूल होतो. वेगाची हौस असलेल्यांची निराशा होईल. धूळ, उन्हात उभं राहणं आणि रांग ज्यांना सहन होत नाही, त्यांनी येऊ नये.

घरी निघण्याआधी नटांचा टॉर्क पुन्हा तपासा आणि हवा स्टिकरवरच्या आकड्याला आणा. रिमच्या आतल्या बाजूला सुकलेला चिखल काठीने काढून टाका, नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच अलाइनमेंटला पळतात. ब्रेकमधून किरकिर येत असेल तर बहुधा डिस्क आणि मागच्या पत्र्यात खडा अडकलाय. गाडी हळूच मागे-पुढे केली की तो पडतो. रेडिएटरमधलं गवत इंजिनाच्या बाजूने बाहेर अशा दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. एअर फिल्टर काढून बघा, मळला असेल तर नवा टाका. कागदी फिल्टर धुऊन परत बसवू नका.