सुट्या भागांतून बांधलेला क्रॉलर: ३१३ मिलिमीटरच्या चेसिसबद्दल सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

गेल्या दिवाळीनंतर मी रिमोटवर चालणाऱ्या, खडक चढणाऱ्या गाडीची, म्हणजे क्रॉलरची, एक दशांश मापाची चेसिस मागवली. ती बांधून आता सहा महिने बेळगाव आणि खानापूरच्या परिसरात चालवतो आहे. चेसिसवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३१३ मिलिमीटर आहे आणि ॲक्सियलच्या एससीएक्स-१० मालिकेतील दुसऱ्या पिढीच्या गाडीचेही माप हेच असल्याने त्या मापाची बॉडी, लिंक (ॲक्सल चेसिसला जोडणारे दांडे) आणि शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारे फिरते दांडे) बाजारात सहज मिळतात. या एका कारणासाठी नवशिक्याने दुसरे कुठलेही माप निवडण्यापेक्षा हे माप निवडावे, असे माझे मत आहे.

बॉडी, मोटर, सर्व्हो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर), ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग), बॅटरी आणि रिमोट यांपैकी काहीही पेटीत येत नाही. चेसिसचे दोन लोखंडी दांडे, दोन्ही ॲक्सल, मधला गिअरबॉक्स, शॉक ॲब्सॉर्बर, लिंक आणि चाके एवढेच मिळते. मला आलेल्या पेटीत जुळणीची पुस्तिका नव्हती आणि तीन मिलिमीटरचे सात स्क्रू कमी होते. विक्रेत्याला तीनदा कळवूनही उत्तर आले नाही. स्क्रू शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाले म्हणून काम अडले नाही, पण ज्याने पूर्वी कधी गिअरबॉक्स उघडलेला नाही त्याच्यापुढे पुस्तिकेशिवाय शंभराहून अधिक भाग टाकणे योग्य नाही आणि या बाबतीत मी गुण कापतो.

ही चेसिस आलेल्या अवस्थेत चालवू नये. मी गिअरबॉक्स उघडला तेव्हा आतले दात जवळजवळ कोरडे होते आणि मागच्या ॲक्सलमधल्या ग्रीसचा गोळा दातांपासून दूर, एका कोपऱ्यात चिकटून बसलेला होता. दोन्ही ॲक्सल पूर्ण मोकळे करून, बेअरिंग पुसून, दातांवर नव्याने ग्रीस लावण्यात एक अख्खा रविवार गेला. धातूत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावावा, प्लॅस्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला मात्र अजिबात लावू नये, कारण त्या द्रवाने काही प्रकारचे प्लॅस्टिक तडकते. मोटरचा पिनियन (लहान दातेरी चक्र) आणि स्पर गिअर (त्याला भिडणारे मोठे चक्र) यांच्यात वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करावी आणि मग पट्टी फिरवून बाहेर काढावी. पट्टीवर दातांचे ठसे उठले पण ती फाटली नाही, तर दातांतली फट बरोबर आहे असे समजावे.

दोन्ही ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नाही, म्हणजे डावे आणि उजवे चाक नेहमी एकाच वेगाने फिरते. डांबरी रस्त्यावर वळताना गाडी ओढल्यासारखी चालते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा बिघाड वाटतो. खडकावर हाच मोठा गुण ठरतो, कारण एक चाक हवेत लटकले तरी दगडावर टेकलेल्या चाकाकडे जोर पोहोचतच राहतो.

मोटर मी ५५ टर्नची, ब्रशवाली, ५४० आकाराची घेतली. टर्न, म्हणजे आतल्या तारेचे वेढे, जितके जास्त तितका वेग कमी आणि हळू चालवण्यावर ताबा अधिक, एवढे नवशिक्याने लक्षात ठेवले तरी पुरे आहे. ईएससी हॉबीविंगचा क्विकरन १०६० आहे आणि या वर्गातला तो मला सर्वांत समाधानकारक भाग वाटला. त्याच्यावरचे दोन लहान जम्पर (जागा बदलून स्थिती निवडायच्या टोप्या) मात्र पहिल्याच दिवशी नीट लावले पाहिजेत. लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी वापरताना बॅटरीचा जम्पर लिपोवर नसेल तर बॅटरीचा पुरवठा वेळेवर तोडला जात नाही आणि सेल कायमचे निकामी होतात. दुसरा जम्पर क्रॉलरच्या, म्हणजे थेट पुढे-मागे जाण्याच्या स्थितीवर ठेवला की ट्रिगर सोडताच मोटर गाडीला उतारावर जागीच धरून ठेवते. ही पकड नसेल तर प्रत्येक उतारावर गाडी घरंगळत खाली येते.

सर्व्होबाबत मी चूक केली आणि ती इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. पंचवीस किलो ताकदीचा सर्व्हो घेऊन मी त्याला ईएससीमार्फत रिसीव्हरवरूनच, म्हणजे रिमोटचा संदेश घेणाऱ्या भागावरूनच, वीज दिली. मे महिन्यात असोग्याला मलप्रभेच्या पात्रात पाणी उतरलेले असताना पुढचे चाक दोन गोट्यांच्या खाचेत अडकले. मी स्टिअरिंग फिरवले की रिसीव्हरचा दिवा विझायचा, गाडी क्षणभर निर्जीव व्हायची आणि दिवा पुन्हा लागायचा. मी रिमोटवर शंका घेत अर्धा तास घालवला. चाक अडलेले असताना सर्व्हो इतका प्रवाह ओढत होता की रिसीव्हरपुरती वीजही उरत नव्हती. हा ईएससीचा दोष नव्हता, माझी जोडणी चुकली होती. सर्व्होसाठी बॅटरीवरून थेट सहा व्होल्टचा वेगळा यूबीईसी (बॅटरीचे व्होल्टेज ठरावीक पातळीवर आणून देणारा भाग) जोडल्यापासून हा प्रकार एकदाही झालेला नाही. जो कोणी ताकदवान सर्व्हो घेईल त्याने यूबीईसीचे पैसे त्याच हिशेबात धरावेत.

चेसिसबरोबर आलेले टायर दिसायला उत्तम आहेत, पण रबर कडक आहे. राजहंसगडाच्या वाटेवर पाऊस नसताना ते ठीक चालले, ओल्या दगडावर मात्र साबणासारखे घसरले. मऊ रबराचे १.९ इंची टायर बसवल्यावर ज्या कातळावर गाडी चार वेळा मागे आली होती तो ती पहिल्याच प्रयत्नात चढली. आपल्याकडचा जांभा खरखरीत असल्यामुळे टायरला पकड चांगली देतो, परंतु त्याची लाल पूड बेअरिंगमध्ये आणि लिंकच्या टोकांवरील सांध्यांच्या गोळ्यांमध्ये शिरते. जांबोटीकडून परत आल्यावर मी दरवेळी मऊ ब्रशने गोळे झाडतो, कारण ती पूड ग्रीसमध्ये मिसळली की प्लॅस्टिक झिजून सांधे ढिले होतात.

या चेसिसवर केलेला सर्वांत मोलाचा बदल वजनाचा आहे. गाडी चढावर मागे उलटते ती बहुधा मोटर कमजोर असल्यामुळे नव्हे, तर पुढे वजन कमी असल्यामुळे. मी दोन स्वयंपाकघरी काट्यांवर पुढची आणि मागची चाके वेगवेगळी ठेवून वजन केले. सर्व सामानासह गाडी २,६०० ग्रॅम भरली आणि त्यातले १,२४० ग्रॅम पुढे होते. पुढच्या चाकांच्या रिममध्ये बसतील अशी पितळी कडी करून घेण्यासाठी मी उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने रिम हातात फिरवून पाहिली आणि म्हणाला, “वजन किती पाहिजे ते सांगा की, माप मी काढतो.” चाळीस मिलिमीटर व्यास, वीस मिलिमीटर भोक आणि साडेसतरा मिलिमीटर रुंदी या मापाचे प्रत्येक कडे सुमारे १४० ग्रॅम भरले. आपल्या शहरात फाउंड्री आणि लेथची कामे इतकी जवळ आहेत की हे काम दोन दिवसांत आणि परदेशी कड्यांपेक्षा बऱ्याच कमी खर्चात झाले. हा फायदा बेळगावच्या हौशी मंडळींनी अवश्य घ्यावा.

कडी बसवून आणि मागची बॅटरी पुढे सरकवून पुन्हा काट्यावर ठेवले तेव्हा पुढचा भार शेकडा ४८ वरून ५६ वर गेला होता. वजन चाकात, म्हणजे स्प्रिंगच्या खाली आणि जमिनीजवळ असल्यामुळे गाडी कडेच्या उतारावरही आता कमी कलंडते. बॉडीच्या छपरावर सामानाची जाळी, दिवे आणि सुटे टायर लावण्याचा मोह सर्वांनाच होतो, मलाही झाला, पण वर चढवलेला प्रत्येक ग्रॅम या कड्यांच्या विरुद्ध काम करतो. शोभा हवी असल्यास ती हलक्या प्लॅस्टिकची असावी.

शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेल नावापुरते होते आणि एकातून गळतही होती. सील बदलून तेल भरल्यावर चौघांची चाल सारखी झाली. लिंक आणि दांडे मात्र भक्कम आहेत. अनेकदा कातळावरून खाली पडूनही एक दांडा वाकलेला नाही.

चेसिस साधारण नऊ हजारांना पडली आणि सर्व सामानासह खर्च तेवीस हजारांच्या पुढे गेला. इतक्या पैशांत आधीच जुळवलेली लहान गाडी नक्की येते. ॲक्सियलची एक चतुर्विंशांश मापाची एससीएक्स-२४ किंवा ट्रॅक्सासची एक अष्टादशांश मापाची टीआरएक्स-४एम घरातल्या पुस्तकांच्या चढणीवरही चालते आणि ज्याला आजच खडकावर जायचे आहे त्याने तीच घ्यावी. ज्याला पाना हातात धरायला आवडतो आणि प्रत्येक भाग कशासाठी आहे हे समजून घ्यायचे आहे त्याच्यासाठी मी या चेसिसला पाचपैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण पुस्तिकेअभावी, अर्धा कोरड्या गिअरबॉक्ससाठी आणि उरलेला अर्धा पुढच्या ॲक्सलच्या शाफ्टसाठी कापला आहे. वजन वाढवल्यानंतर तिसऱ्याच महिन्यात डावा शाफ्ट सांध्यापाशी पिळवटला. आता तिथे कडक पोलादाचा शाफ्ट आहे. तो मागवताना लांबीबरोबर टोकाचे आटे आणि पिनच्या भोकाचा व्यासही विचारून घ्यावा, कारण एकाच ३१३ मापाच्या नावाखाली दोन वेगळ्या जाडीचे शाफ्ट विकले जातात आणि माझा पहिला चुकीचा निघाला.