दंड भरून मोकळं व्हायचं की तारखा घ्यायच्या?

गणपतीत जागरणाच्या नावाखाली पत्त्यांचा डाव बसतो, डावात पैसे लागतात, कुणीतरी खबर देतं आणि मध्यरात्रीनंतर पोलीस मागच्या पडवीत येऊन उभे राहतात. मुद्देमालात पत्त्यांचा कॅट, चटई, काही शे रुपये आणि पाच-सहा मोबाइल. पुढं कोर्टाचं समन्स आलं की घरातला जाणता माणूस ठरलेला सल्ला देतो, "कबूल करून टाक रे, पाश्शे रुपये भर आणि मोकळो हो."

पन्नाशीच्या बागायतदाराला हा सल्ला एक वेळ चालेल. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणाऱ्या मुलाला तो महागात पडू शकतो. परदेशी बोटीवर नोकरीला जाऊ पाहणाऱ्याचं गणित तर तिसरंच असतं. म्हणून हे पर्याय एकमेकांशेजारी ठेवून बघू. माझं मत आधीच सांगतो: दंड किती रुपयांचा आहे यावर काही ठरत नाही. पैसे कुणी घेतले आणि पुढं तुम्हाला कोणता फॉर्म भरायचा आहे, या दोन गोष्टींवर ठरतं.

पावती कुणाची?

हेल्मेट नव्हतं म्हणून मोबाइलवर ई-चलन आलं आणि तुम्ही ते भरलंत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २०० नुसार ही तडजोड, म्हणजे ठरलेली रक्कम भरून प्रकरण मिटवणं, झाली. एकदा तडजोड झाली की त्या गुन्ह्याबद्दल पुढं खटला चालत नाही. खटला नाही म्हणजे दोषी ठरवणारा निकाल नाही, आणि निकाल नाही म्हणजे तुम्ही शिक्षा झालेले नाही. लायसन्स निलंबनाची कारवाई मात्र वेगळी होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनं ती वाट मोकळी ठेवली आहे. चलन न भरता प्रकरण कोर्टात गेलं तरी घाबरायचं कारण नाही. तडजोड खटला दाखल होण्याआधी आणि नंतरही करता येते, असं कलम २०० मध्येच म्हटलं आहे. समन्स हातात आल्यावर "गुन्हा कबूल" म्हणण्याआधी तडजोड होते का, एवढं तरी विचारावं.

कोकण रेल्वेच्या गाडीत बिनतिकीट सापडलात आणि टीसीनं भाडं व त्यावरचा जादा आकार घेऊन पावती फाडली, तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १३८ खालचा विषय तिथंच मिटला. हा जादा आकार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यातला जो जास्त असेल तो. कोर्ट नाही, गुन्हेगार नाही. पण गाडी आपल्या गावाला थांबत नाही म्हणून स्टेशनाजवळ आल्यावर साखळी ओढली, तर ते कलम १४१. त्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि निकाल रेल्वे मॅजिस्ट्रेटचा. गणपतीच्या गर्दीत दोन्ही प्रकार एकाच डब्यात घडतात आणि दोन्हींत माणूस थोडेफार पैसे भरूनच सुटतो. एकाच्या नावावर काही राहत नाही, दुसऱ्याच्या नावावर दोषसिद्धी, म्हणजे कोर्टानं दोषी ठरवल्याचा निकाल, राहते.

मासेमारीचंही थोडक्यात सांगतो. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बोट समुद्रात गेली आणि सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ खाली शास्ती बसली, तर ती रक्कम लाखांत जाऊ शकते. तरीही ती खात्याच्या अधिकाऱ्यानं बसवलेली शास्ती असते. पूर्वी हे काम तहसीलदारांकडे होतं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आलं. बोटीचा मालक घरदार गहाण टाकून ती भरेल, पण फौजदारी कोर्टानं दोषी ठरवलेला माणूस तो होणार नाही. जत्रेत धिंगाणा घातला म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर पाचशे भरणारा होईल.

किरकोळ वाटणारे, पण किरकोळ नसलेले

महामार्गावर गाडी पादचाऱ्याला घासून गेली, त्याला खरचटलं, दवाखान्याचा खर्च तुम्ही दिला, दोन्ही घरं समजुतीनं मिटवायला तयार आहेत. लोक याला "ट्रॅफिकची केस" म्हणतात, आणि फसतात ते इथंच. जखमेचा भाग तडजोडीनं मिटवता येतो. पण सोबत लावलेलं बेदरकार वाहन चालवण्याचं कलम (जुनं भारतीय दंड संहितेचं २७९, आता भारतीय न्याय संहितेचं २८१) तडजोडीच्या यादीत नाही. त्यात हजार रुपयांपर्यंतचा दंड कबुलीवर भरला, तर ती फौजदारी शिक्षाच. दारू पिऊन गाडी चालवल्याचं कलम १८५ हेही मोटार वाहन कायद्यातलंच, पण तडजोडीबाहेरचं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, आणि ते कोर्टच ठरवतं.

सगळ्यांत लहान नमुना न्याय संहितेच्या कलम ३५५ चा: दारू पिऊन सार्वजनिक जागी गैरवर्तन. कैद जास्तीत जास्त चोवीस तास, दंड हजारापर्यंत, किंवा समाजसेवा. तारकर्लीच्या किनाऱ्यावर दोन तास झाडू मारून सुटलात तरी त्याआधी कोर्टानं तुम्हाला दोषी ठरवलेलं असतं.

चाकरमान्यांसाठी इथं एक खास सापळा आहे. फक्त दंडाची, तीही पाच हजारांपर्यंतचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्यात कोर्ट विशेष समन्स पाठवू शकतं: येऊ नका, गुन्हा कबूल असल्याचं पत्र आणि दंडाची रक्कम पाठवा. मुंबईहून दोनदा रजा टाकून यायचं कुणाच्या जिवावर येत नाही? पण ती मनीऑर्डर म्हणजे तुमच्या गैरहजेरीत झालेली दोषसिद्धी.

लोकअदालतीच्या दिवशी

लोकअदालतीत मिटलं म्हणजे काही नाही, असं सरसकट समजू नका. लोकअदालतीला तडजोड न होणाऱ्या गुन्ह्यांत अधिकारच नाही. तिथं खरोखर तडजोड झाली असेल तर दोषसिद्धीचा प्रश्न येत नाही. दंड संहितेखालच्या, आता न्याय संहितेखालच्या, तडजोडीचा परिणाम तर थेट निर्दोष सुटल्यासारखा असतो. पण त्याच दिवशी, त्याच आवारात किरकोळ केसेस निकाली काढायची विशेष मोहीमही चालते. तिथं कुणाची कबुली घेऊन दंड होतो, तर कुणाचा खटला कोर्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा नवा कायदा) कलम २८१ खाली थांबवतं. रांग एकच आणि गडबडही तीच. संध्याकाळी "लोकअदालतीत मिटलं" म्हणत घरी येणाऱ्या दोघांच्या कागदांवर मात्र भलतं वेगळं लिहिलेलं असतं.

आता डावाकडे: कबुली की लढत

महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. जुना असला तरी त्याखालचा निकाल आजचा निकाल असतो.

कबुलीच्या बाजूनं बोलायचं तर एका सकाळीत काम होतं. वकिलाची फी वाचते, तारखांना दिवस मोडत नाहीत, गावात चर्चा थांबते. आणि एक फायदा कुणी सांगत नाही: प्रलंबित खटला उरत नाही. त्याचं महत्त्व पासपोर्टपाशी कळतं. तोटा असा की दोषसिद्धी कायमची नोंदली जाते आणि मागं फिरायची वाट जवळपास बंद होते. स्वतः कबूल केल्यावर अपील करता येतं ते फार तर शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतं; "मी गुन्हाच केला नव्हता" हे नंतर ऐकलं जात नाही.

लढतीत याच्या उलट. तारखा पडतात, साहेब रजेवर असतात, पंच येत नाहीत, दोन वर्षं सहज निघून जातात. पण गावच्या जुगाराच्या केसमध्ये बोलायला जागा असते. पंच बऱ्याचदा ओळखीचे, पडवी खाजगी घराची, आणि पैसे नक्की डावात होते की खिशात यावर पंचनामा गुळमुळीत. खेळ कोणता होता यालाही वजन आहे. याच कायद्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात म्हटलं होतं. तुमच्या चटईवर तीन पत्तीच चालू होती तर हा मुद्दा उपयोगाचा नाही. तिथं उगाच रमीचं सोंग आणू नये, न्यायाधीशांनीही पत्ते पाहिलेले असतात.

मधली एक वाट आहे आणि ती विसरली जाते. परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा १९५८ नुसार, आधी शिक्षा झालेली नसेल तर दोन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या किंवा दंडाच्या गुन्ह्यात कोर्ट दंडाऐवजी ताकीद देऊन सोडू शकतं. दोषसिद्धी पुसली जात नाही, पण कलम १२ मुळे तिच्यासोबत येणारी अपात्रता लागत नाही. कबूल करायचंच ठरलं असेल तर वकिलामार्फत ही मागणी केल्याशिवाय दंड भरू नका. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेले यांना महाराष्ट्रात मोफत वकील मिळतो.

कुणासाठी काय

पोलीस, रेल्वे, निमलष्करी दल किंवा कोणतीही सरकारी नोकरी डोक्यात असेल तर, माझ्या मते, पहिल्या तारखेला कबूल करू नका. केंद्राच्या साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीसाठी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म) प्रश्न सुटे सुटे असतात: कधी अटक झाली का, खटला भरला गेला का, न्यायालयानं दंड केला का, दोषी ठरवलं का, काही प्रलंबित आहे का. "शिक्षा म्हणजे तुरुंग, मला तर फक्त दंड झाला" ही पळवाट तिथं नाही. निर्दोष सुटलात तरी खटला झाला होता हे लिहावंच लागतं. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दिलेली माहिती खरी असली पाहिजे. गुन्हा क्षुल्लक असेल तर तो लपवल्याकडेही नेमणूक करणारा आपल्या विवेकानं दुर्लक्ष करू शकतो. करू शकतो, करेलच असं नाही. पाचशे रुपयांच्या दंडानं जेवढी नोकरी जात नाही तेवढी "नाही" या खुणेनं जाते.

बोटीवर जाणाऱ्यांचं पारडं फिरतं. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६(२) मध्ये दोषसिद्धीमुळे नकार येतो तो गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची कैद झाली असेल तर. जुगाराचा किरकोळ दंड त्यात बसत नाही. पण फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असणं हे मात्र नकाराचं स्वतंत्र कारण आहे. म्हणजे लढणाऱ्याचा पासपोर्ट अडतो आणि कबूल करणाऱ्याचा सुटतो! यावर उपाय आहे: १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्याच कोर्टाची परवानगी आणली तर मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळतो. निर्दोष सुटायची बरी शक्यता असेल तर ती परवानगी घेऊन लढा. पुरावा घट्ट असेल आणि कंपनीची तारीख आली असेल, तर ताकीद मागून मोकळं होणं मला गैर वाटत नाही.

मात्र व्हिसाचे फॉर्म वेगळं विचारतात. अमेरिकेच्या डीएस-१६० मध्ये शिक्षाच नव्हे, अटकही विचारली जाते. म्हणून त्या रात्री तुम्हाला अटक दाखवली की नुसती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस देऊन सोडलं, हे कागदावर पाहून ठेवा. ब्रिटनचा फॉर्म तर वाहन चालवण्याबद्दल झालेल्या दंडाचाही वेगळा रकाना ठेवतो. तिथं आपली "तडजोड झाली, शिक्षा नाही" ही समजूत गप्प बसायला पुरेशी नाही.

सरपंचकीवर डोळा असणाऱ्यांसाठी आपल्या पट्ट्यातली एक गंमत. ग्रामपंचायत कायदा १९५८ च्या कलम १४ प्रमाणे साधारणपणे सहा महिने किंवा जास्त कैद झाली तरच पाच वर्षांची अपात्रता येते. जुगाराचा दंड भरलेला माणूस सुखेनैव उभा राहू शकतो. पण दारूबंदी कायदा १९४९ खालची दोषसिद्धी त्याच कलमात वेगळी काढली आहे, आणि तिथं शिक्षेच्या आकाराची अट नाही. गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुली नाक्यावर गोव्याच्या बाटल्यांसह विनापरवाना सापडून कोर्टात कबुली दिली, दंड कितीही छोटा असो, पाच वर्षं पंचायतीचं दार बंद. शिरोड्याच्या किंवा बांद्याच्या माणसानं ही केस निमूटपणे कबूल करण्याआधी पुढच्या निवडणुकीचं वर्ष मोजावं.

काहीही ठरवलं तरी निकालाच्या दिवशी दंडाच्या पावतीवर समाधान मानू नका. नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका आणि आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल हातात आल्यावर कलम कोणतं, आणि "तडजोड", "खटला थांबवला", "ताकीद", "दोषी" यातलं काय लिहिलंय ते वाचा. पुढचा प्रत्येक फॉर्म त्या कागदावर पाहूनच भरायचा आहे.